गोचिडाचा यजमान

गुरांच्या दवाखान्यात किस्से गोचिडांसारखे साठतात. वरून एक दिसतो, जरा केस बाजूला करा, खाली दहा! सन पस्तीसच्या आसपास मी नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टर होतो, तेव्हाचे हे. सगळे एका शब्दापायी घडलेले.

पुण्याहून हुकूम आला, की जिल्ह्यातले गोचीड गोळा करा. कोणता गोचीड कोणाच्या अंगावर राहतो आणि कोणता रोग पसरवतो, हे सरकारला पाहायचं होतं. गाय, म्हैस, घोडा, कुत्रा, माणूस, प्रत्येकाची एक बाटली! वर चिठ्ठी: 'यजमान कोण?' म्हणजे गोचिडाला अंगावर पोसणारा. इंग्रजी 'होस्ट'ला हा शब्द काढणारा भाषांतरकार मला एकदा भेटायला हवा होता! एक जरी बाटली रिकामी राहिली तर माझी बदली लांब डोंगरात सुरगाण्याला, असं पुण्याच्या साहेबांनी बजावलं होतं. इकडे बायकोचे दिवस भरत आलेले. माझी झोपच उडाली.

* * *

आमचा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाला, काशिनाथ, निफाडकडचा. पंचवटीतल्या एका घरी त्याने गाईचा गोचीड काढला आणि काकूंना विचारलं, "यजमान कोन?"

"स्नानाला गेलेत, येतीलच इतक्यात!"

चिठ्ठीवर लिहून आणलं: 'स्नानाला गेले.'

* * *

म्हशीसाठी मी स्वतःच एका उपाध्यायांकडे गेलो. चिठ्ठी वाचून ते भडकलेच. "आमचे यजमान इंदूरचे सरदार! त्यांच्या अंगावर गोचीड?"

"अहो, सरदारांच्या नाही, तुमच्या म्हशीच्या!"

"म्हणजे आता म्हैस आमची यजमान?"

मी कपाळाला हात लावला.

* * *

एका वकिलांच्या टॉमीच्या कानात तांबूस गोचिडांची रांगच होती. वकील म्हणाले, "गोचीड टॉमीवर आहेत हे मान्य. पण ते आमचे नाहीत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे आहेत. तसं लिहा!"

* * *

घोड्याचे गोचीड टांगेवाल्या करीमचाचांनी आपणहून दिले. लांब पायांचे, पट्ट्यापट्ट्यांचे. "ले जाव डॉक्टरसाब, और भी हैं!" सबंध नाशकात शहाणा माणूस हा एकच भेटला.

* * *

गोचिडांनी गुरांना ताप येतो, लघवी लाल होते, गोचीड वेचा, असं आम्ही खेड्यापाड्यांत घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो. कोणी ढुंकून पाहत नसे. आता अफवा उठली, की गोचीड सापडला तर सरकार जनावर नेतंय. झालं! पुढची गावं आम्ही पालथी घातली, औषधालासुद्धा गोचीड नाही!

* * *

राहिली माणसाची बाटली. कबूल कोण होणार? मी आणि काशिनाथ रोज कुरणात उघड्या पायांनी फिरलो. आम्हाला एकही चिकटला नाही मेला!

अन् साहेब तपासणीला आले. हाफ पँट घालून कुरणभर हिंडले, मग दवाखान्यात येऊन रिकामी बाटली वर धरली. "माणूस कुठाय? मी बजावलं होतं. सामान बांधा, सुरगाण्याला निघायचं."

तेवढ्यात साहेबांनी गुडघ्याखाली खाजवलं. वाकून पाहिलं. चिमट्याने सावकाश काहीतरी ओढून काढलं आणि त्याच बाटलीत टाकलं.

काशिनाथने चिठ्ठी पुढे ओढली, पेन्सिल जिभेला लावली आणि थबकला.

"डाक्टर, सायेब तर पाव्हने हायेत. यजमान कसं लिवू?"