इंदूताईंचा संशय

वनिताचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याला लेकीकडे होते. "मॅडम, आपल्या इंदूताई गेल्या..." एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. ज्या बाईनं वनिताला एकदा सगळ्यांसमोर तूपचोर ठरवलं होतं, तिच्यासाठी ती अशी हुंदके देत होती. त्याला आता काही आठवडे होऊन गेले, पण इंदूताईंचा विचार आला की मला आधी ते रडणंच आठवतं.

सौसरच्या आमच्या मोहल्ल्यातलं मारुतीचं देऊळ लहानसंच आहे. पण जामसांवलीच्या हनुमानाला पायी निघालेली माणसं त्याच रस्त्यानं जातात, आणि हनुमान जयंतीला तर ती रांग संपतच नाही. त्यांच्यासाठी देवळात वरण-भात, वांग्याची भाजी आणि पुरी असते. पुढे मांडवात माइक असतो, वाढणारी पुरुष मंडळी असतात, हारतुरे होतात. मागे टिनाच्या शेडमध्ये आम्ही काही बायका डाळ निवडायची, वांगी चिरायची, करपलेली पातेली राखेनं घासायची, हे करत असतो. जेवून तृप्त झालेला माणूस मारुतीला हात जोडून पुढे जातो. शेड त्याला दिसतही नाही. इंदूताईंना त्याचं काहीच वाटत नसे. नवरा गेल्यावर किराणा दुकान त्यांनी एकटीनं चालवलं होतं, आणि दुकान पोरांच्या हाती दिल्यावर त्या या शेडमध्ये येऊन बसल्या, त्या शेवटपर्यंत.

बसल्या म्हणजे पहाऱ्यावर बसल्या. तेल आलं की वास घेणार, बेसन बोटांत चोळून पाहणार, पाण्याच्या टाकीत वाकून बघणार. शाळेतून निवृत्त होऊन मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "फोटो काढाले आल्या का मॅडम? फोटोवाल्या समोर बसतात." कोणी दानात काही पाठवलं तर, "काहून पाठवलं असन?" हा पहिला प्रश्न. त्यांच्या शेजारी बसून काम करताना आपले हात स्वच्छ आहेत की नाहीत, अशी शंका आपल्यालाच यायला लागायची.

वनिता मोहगावची. संत्र्याच्या बागेत कामाला जायची आणि जयंतीच्या आठवड्यात इथे बहिणीकडे राहून देवळात राबायची. ती तुपाची गोष्ट घडली त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. कोपऱ्यात पोत्यावर तुपाचा पत्र्याचा पिपा ठेवलेला. एका सकाळी इंदूताईंनी तो हलवून पाहिला, झाकण उघडलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. आदल्या संध्याकाळी शेड बंद करून गेली होती वनिता.

"तूप कुठं गेलं व?"

"मले काय मालूम, ताई?"

"तूच होती ना आखरी?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "ताई, तिला नेताना पाहिलं का तुम्ही?" तर म्हणाल्या, "पाहाचं काय त्याच्यात? पिपा सांगून राहिला." बाकीच्या बायका खाली माना घालून वांगी चिरत राहिल्या. वनितानं पुढ्यातली विळी बाजूला सारली, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ चालती झाली. बहिणीकडेही थांबली नाही, मोहगावची गाडी धरली. दुपारपर्यंत ही गोष्ट मांडवात पोचली, आणि मांडवातून ती मोहगावलाही पोचणार हे उघड होतं.

जयंती झाली. शेड धुवायला इंदूताई आणि मी, आम्ही दोघीच गेलो होतो. इंदूताईंनी पिपा उचलला आणि खालचं पोतं ओढलं, तर ते तुपानं थबथबलेलं... पिप्याच्या बुडाशी जोड उसवला होता. उन्हानं तूप पातळ होऊन थेंब थेंब गळत गेलं होतं आणि पोत्यानं सगळं पिऊन टाकलं होतं. इंदूताई ते पोतं धरून तशाच उकिडव्या बसल्या. शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं. पोतं चुलीत घातलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि मीही ते लपवायला तयार होईन असा त्यांना संशय आला असावा, कारण त्यांनी माझ्याकडेही तसंच रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी चला माया संग. मी एकटी गेली तं अर्ध्यातून वापस येईन."

पोतं पिशवीत घालून आम्ही मोहगावला गेलो. वनिताच्या अंगणात सासू होती, शेजारणी होत्या. इंदूताईंनी बसायला टाकलेल्या चटईकडे पाहिलंही नाही. पोतं सगळ्यांसमोर पसरलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तूप यानं खाल्लं. मी या पोरीवर आळ घेतला. माया डोया फुटला होता." सासूचा चेहरा सैल पडला. ती इतके दिवस वनिताशी धड बोलत नव्हती, हे आम्हाला नंतर कळलं. वनिता मात्र दारातून हलली नाही. "येईन मी देवासाठी," ती म्हणाली, "पण तुमच्या बाजूले नाही बसणार."

"नको बसू," इंदूताई म्हणाल्या. "पण ये."

पुढच्या वर्षी ती आली आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एकदा पुऱ्या तळताना इंदूताईंच्या हातावर तेल उडालं, तेव्हा वनितानं त्यांना बाजूला सारून झारा आपल्या हातात घेतला. तो परत दिलाच नाही. दोघींमध्ये गोड बोलणं कधी मी ऐकलं नाही. पण त्यानंतर इंदूताईंनी सामान तपासलं की दुसऱ्यांदा तपासायला त्या तिलाच देत.

शेवटी दवाखान्यात इंदूताईंना भेटले तेव्हा त्यांच्या हाताला सलाइन होतं. नर्सला विचारत होत्या, "काय टाकून राहिली व त्याच्यात?" ते ऐकून मला वाटलं होतं, बाई बरी होणार...

परवा जयंतीच्या तयारीसाठी शेड उघडली. फळीवरच्या डाळीच्या डब्याला दोरा बांधलेला होता, इंदूताईंची घट्ट गाठ. ती कोणाला सुटेना, शेवटी वनितानं विळीवर दोरा कापला. आत डाळ निवडून ठेवलेली होती, लखलखीत, खडा नाही की काडी नाही. बायकांचे डोळे भरून आले. एकजण म्हणाली, "ताईच्या हातची आहे, शिजाले टाका तशीच."

वनितानं पदरानं डोळे पुसले, परात पुढे ओढली आणि डाळ पसरून निवडायला बसली.

"ताईच्या हातची आहे म्हणून काय झालं?" ती म्हणाली.