बोहुमीरकाकांचं इंजिन

मोराव्हियातल्या आमच्या छोट्या विमानतळावर बोहुमीरकाकांनी एका जुन्या विमानाच्या इंजिनाला आयुष्य वाहिलं. त्याचे सिलिंडर खाली लोंबायचे आणि रात्रभर त्यांत तेल उतरायचं. सकाळी पंखा हातानं सावकाश फिरवून काका ते काढत. नाहीतर सुरू करताना आतला दांडाच वाकायचा. मग तरुण वैमानिक क्वेता येऊन पंख्याला एकच झटका द्यायची. इंजिन गर्जायचं आणि बघ्यांच्या टाळ्या तिला! मी रंगभूमीवर पडद्यामागं राबणारा माणूस, काकांची जळजळ मला कळायची.

"पोरीवर भाळलंय लेकाचं!" इंजिनाकडं बघत ते धुमसत.

एका रविवारी त्यांनी मुद्दामच तेल काढलं नाही. क्वेतानं पंख्याला हात घातला.

"थांब गं! मोडेल ते!" काका धावले आणि स्वतःच पंखा फिरवू लागले.

"काका, माझ्यावर रुसलात?"

"तुझ्यावर कशाला? ह्याच्यावर!"