आत औषध एकच

एक्स्पायर झालेला माल कंपनी परत घेते. किस्से कोणी परत घेत नाही, ते काउंटरखाली साचतच जातात! साखरा गावातलं हे मेडिकल नवऱ्याचं, पण डी.फार्म. मी. म्हणून नवरा जेवायला गेला की बायका हळूच पायऱ्या चढतात. "ताई, त्या गोळ्या द्या." 'त्या' म्हणजे मूल न होऊ देणाऱ्या. मी दोन पाकिटं समोर ठेवते. एक टीव्हीवर दिसणाऱ्या कंपनीचं, एक जेनरिक. आणि माझं ठरलेलं वाक्य टाकते, "नाव वेगळं, आत औषध एकच." हे इतक्या वेळा म्हटलंय की माझी पोरगी भातुकलीतसुद्धा तेच म्हणते!

*

एक दादा आले. म्हशीला कॅल्शियम हवं होतं.

"चांगल्या कंपनीचं द्या बरं का. तिला साधंसुधं न्हाई चालत."

दिलं. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "आन घरच्यासाठी त्या गोळ्या. त्या जेनरिक असल्या तरी चालतील."

मी चिडवलं, "काहून दादा? म्हशीला कंपनीचं आणि वहिनींना जेनरिक?"

"ती काय दूध देऊन राहिली का?"

जेनरिक गोळी चांगलीच असते, हे मीच गावाला सांगत फिरते. पण त्या दिवशी ते पाकीट द्यायला माझा हात धजेना. असा संताप आला होता!

*

एका औषध कंपनीचा एमआर येतो, माल खपवायला. कडक इस्त्री, गोड जीभ.

"मॅडम, जेनरिक कशाला ठेवता? बाईच्या तब्येतीचा सवाल आहे. ब्रँडमध्ये विश्वास असतो!"

"तुमच्या घरी कोणती गोळी चालते?"

"आमच्याकडे गरज नाही. ऑपरेशन झालंय."

"अरे वा! तुमचं?"

"छे छे!" बिचारा दचकलाच. "बायकोचं!"

*

सविता तांड्यावरची, दोन मुलींची आई. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "जेनरिक देऊ का?"

ती घाबरली. "जनरल नको ताई! आमी व्हीजेएनटीत येतो. जनरलमध्ये आमचा नंबर लागत न्हाई."

मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

"हसू नका. जिथं जावं तिथं आधी जातच इचारतात. मला वाटलं, गोळीलाबी लागते."

माझं हसू तिथंच आटलं.

मग तिला नीट समजावलं. कंपनीचं पाकीट तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर हसणारं जोडपं होतं. तिनं ते बाजूला सारलं.

"हे टीव्हीत दाखवतात, सासू वळखंल. ह्या दुसऱ्यावर चित्रबित्र काईच न्हाई. हेच द्या."

दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. घरात मात्र नातवाची वाट बघणं चालूच. "आता एक झालं ना ताई, तर मी काई उठत न्हाई," असं ती अगदी साधेपणानं म्हणाली.

"मग घरी काय सांगशील?"

"ताकतीच्या हाईत म्हणीन. पोरगं व्हायच्या!"

तेव्हापासून ती जेनरिकच नेते.

*

परवा सविताची सासू आली. एकटीच. पदराच्या गाठीतून तिनं एक नवंकोरं पाकीट काढलं. सविताचं. आदल्याच दिवशी मी दिलेलं.

"बाई, ह्या पोरगं व्हायच्या गोळ्या ना? सून खाऊन राहिली. माझ्या लेकीला लगीन होऊन इतके साल झाले, लेकरूच न्हाई. सासरचे लई तकलीफ देऊन राहिले. तिलाबी ह्याच द्या."

खरं सांगावं तर सविताला घरात कोण जगू देईल? आणि त्याच गोळ्या द्याव्यात तर त्या लेकीची कूस मीच बांधायची!

मी फडताळातून फोलिक अॅसिडची पाकिटं काढली. बाळ हवं असणाऱ्या बायकांना ही गोळी देतातच. लेकीला अपाय नाही, आणि सविताचंही झाकलेलं राहील. मला वाटलं, निभावलं.

म्हातारीनं दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली. "ह्या तर येगळ्या दिसून राहिल्या."

तोंडातून सवयीनं निघून गेलं, "मावशी, नाव वेगळं, आत औषध एकच."

"बराबर?"

"बराबर."

तिचा चेहरा खुलला. पाकिटं पदरात बांधून ती पायरी उतरली. तिथं थबकली, मागं फिरली, आणि सविताचं पाकीट काउंटरवर माझ्यापुढं सरकवलं.

"एकच हाय ना? मंग हे घ्या परत. आजपासून सुनेलाबी ह्याच देते, माझ्या हातानं!"