आईचा उजवा खांदा

आईचा खांदा दाखवायला मी तिला निपाणीहून बेळगावला तिसऱ्यांदा घेऊन आले, आणि या खेपेलाही ती डॉक्टरांना फसवणार हे मला बसमध्येच कळून चुकलं होतं. महिनाभर तिला स्वतःचा अंबाडा बांधता येत नव्हता, रोज सकाळी तो मी बांधत होते. पण डॉक्टरांनी विचारलं की हिचं ठरलेलं, "काय न्हाय ओ, बरं हाय." आधीच्या दोघांनी मलम देऊन वाटेला लावलं.

हे डॉक्टर तरुण होते, जरा चिवट. आत काही फाटलं असेल तर आत्ताच कळायला हवं, उशीर झाला तर जोडता येत नाही, असं त्यांनी आधीच बजावलं.

"आजी, तांब्यातलं पाणी ओतताय असा हात पुढे धरा. मी खाली दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका."

देऊ नका म्हटल्यावर आई कशाला देते! दात आवळून, कपाळाला घाम फुटेपर्यंत तिने हात तसाच धरला.

"दुखतंय?"

"छ्या!"

डॉक्टर लिहायला वळले तशी तिने माझ्याकडे बघितलं, वर्गात पहिली आल्यासारखं. माझं डोकंच फिरलं. "आई, ह्यो विडी कारखाना न्हाय!" मी भर खोलीत ओरडले.

चाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. मी लहान असताना एकदाच, हात दुखतोय असं ती विड्या तपासून वहीत लिहून घेणाऱ्याला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याची पानं शेजारणीला गेली. तेव्हापासून हातात पेन असलेल्या कुठल्याच माणसाला ती दुखतं म्हणून सांगत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी राग यायचा तो येतोच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिचा हात बाजूने खांद्याइतका वर उचलून धरला. "आता मी सोडतो. तुम्ही सावकाश खाली आणा."

त्यांनी सोडला आणि हात धप्पकन मांडीवर पडला.

डॉक्टरांना हवं ते सापडलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. आईने तो पडलेला हात डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"चुकून पडला ओ सायेब," ती म्हणाली. "परत एकदा बघा की. काम करतोय त्यो."