ओटीतलं अंडं

लेस्टरला आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे. त्याच्या हॉलमध्ये युक्रेनहून आलेली एक बाई ईस्टरच्या आधी अंडी रंगवायला शिकवत होती. मी जन्माची शाकाहारी, तिथे माझं काय काम? पण मुलीला सातवा महिना लागला होता, आणि त्यांच्याकडे असं अंडं बाळ होणाऱ्या मुलीला देतात असं कळलं. लगेच नाव नोंदवलं.

कच्च्या अंड्यावर वितळलेल्या मेणाने रेघा ओढायच्या, पिवळ्या रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, मग लाल, शेवटी काळा. मेणाखाली जो रंग झाकला तो टिकतो. माझा हात रांगोळीचा, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते. मेणबत्तीजवळ धरून मेण पुसल्यावर गव्हाच्या ओंब्या उमटल्या, तेव्हा तर शेजारी बसलेल्या बाईला मी माझं अंडं दोनदा दाखवलं.

घरी आले आणि धीर खचला. ओटीभरणाला मराठी मंडळातल्या सगळ्या येणार, त्यात माझ्या मोठ्या जाऊबाई. ओटीत अंडं! मी सुईने दोन भोकं पाडली, आतलं सगळं फुंकून सिंकमध्ये सोडलं आणि वर भरपूर पाणी ओतलं. नुसतं टरफल म्हटल्यावर कोण काय बोलणार?

पुढच्या क्लासला मी ते मोठ्या कौतुकाने शिकवणाऱ्या बाईपुढे ठेवलं. तिने उचललं आणि कानाशी धरून हलवलं. ओटीचा नारळ घेताना दुकानात मी अस्संच करते. आत पाणी वाजलं नाही, तर खाली ठेवते.

"हे मुलीसाठी होतं ना?" तिने हळूच विचारलं. "आम्ही भरलेलंच देतो. जीव आत असतो."

माझे कान तापले. पोटच्या पोरीला मी पोकळ वस्तू द्यायला निघाले होते, तीही चार बायकांच्या धाकाने. काय म्हणावं मला! तिने दुसरं अंडं माझ्यापुढे सरकवलं. या वेळी मी तोंड मिटून काम केलं.

ओटीभरणाच्या दिवशी सकाळीच मुलीला सगळं सांगून टाकलं. ती हसली आणि म्हणाली, "आई, भरलेलंच घाल." मग तांदूळ, खण, नारळ यांच्याबरोबर ते तिच्या पदरात घातलं. जाऊबाई पुढे वाकल्या.

"अगं, हे रिअल अंडं की काय? आतून एम्प्टी आहे ना?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या.

"हो हो वहिनी, नुसतं शेल आहे," मी म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना. तिने पदर आवरला आणि अंड्यावर हात धरून बसून राहिली.