फक्कीने आखलेली बैठक

आमच्या कोरेगावाकडच्या गावात एक गवंडी आहे. कागदावरच्या नकाशावर तो कधी बोलत नाही. "पाय ठिवून बघू की," म्हणतो आणि चपला काढतो.

गावातला सरकारी गुरांचा दवाखाना कित्येक वर्षं बंद आहे. तिथं म्हाताऱ्यांसाठी बैठकीची खोली करावी, असं त्यानं पूर्वी ग्रामसभेत सुचवलं होतं. तेव्हा मी ग्रामसेवक होतो; आता निवृत्त झालोय. सरपंचांना ते नको होतं; त्यांची मर्जी राखायला मी इतिवृत्तात 'सूचना आली नाही' असं लिहून सही केली.

परवा त्याच जागेचं काय करायचं हे ठरवायला ग्रामसभा तिथंच भरली. त्यानं आवारात चुन्याच्या फक्कीनं तीच बैठकीची खोली आखली आणि सगळ्यांना तिच्यातून चालायला लावलं. काठी टेकत आलेली एक आजी आखलेल्या दाराशी थांबली.

"मुडद्या, ह्यातनं मी जाऊ का काठी?"

त्यानं हसत रेघ पायानं पुसली आणि दार रुंद केलं.

मग मी उठून माझं जुनं खोटं सांगितलं. आजच्या इतिवृत्तात ते लिहा, असंही म्हणालो. गवंड्यानं मान वर न करताच विचारलं,

"भाऊसाहेब, तुमी कुठं बसणार? उनाला का सावलीला?"

"सावलीला," मी म्हणालो.

त्यानं तिथं माझ्यापुरता पांढरा चौकोन आखला.