जमिनीला टेकेपर्यंत

स्पर्धेचं नवं परिपत्रक आलं की गुरुजी चष्मा कपाळावर चढवायचे, कागद नाकाला लागेल इतका जवळ धरायचे आणि वाचून झालं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "नियम बदलला ना, व्याकरणवाले? म्हंजे मागच्या साली आपण बरोबर होतो!"

हे म्हणताना त्यांचा चेहरा असा फुललेला असे की नवख्या माणसाला वाटावं, यांनी ढालच जिंकून आणली. ढाल दर वर्षी दुसऱ्याच शाळेत जाई. आमच्याकडे बरोबर असल्याचं समाधान येई.

चिखली तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते हस्तकला शिकवायचे आणि मी मराठी. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि साहेब लोकांना रोज काहीतरी नवीन सुरू करायची हौस होती. त्यातच कुणाला तरी सुचलं, की जिल्ह्याच्या विज्ञान मेळाव्यात विद्यार्थ्यांनी स्वतः केलेली रबरावर उडणारी हेलिकॉप्टरं उडवावीत. ज्याचं जास्त वेळ हवेत राहील त्याच्या शाळेला ढाल. हेलिकॉप्टर आमच्यापैकी कुणीच जवळून पाहिलेलं नव्हतं. गुरुजींनी वर्तमानपत्रातलं एक चित्र कापून वर्गाच्या दारावर डकवलं आणि पोरांना सांगितलं, "हे पहा बे, ही भिंगरीच हाय. फक्त सरकारी."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याला एखादी गोष्ट लागली की आजूबाजूच्यांच्या वस्तू सुरक्षित राहत नाहीत. गुरुजींनी माझ्या दोन छत्र्या काड्यांसाठी मोडल्या. सायकलच्या फाटक्या ट्यूबा कापून रबराच्या बारीक पट्ट्या काढल्या, त्यांना घरचं एरंडेल चोळलं. बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं, कारण त्याच्याइतकं हलकं लाकूड आमच्या मुलखात दुसरं नाही. कामट्यांवर पतंगाचा कागद ताणून पाती केली. मधल्या सुट्टीत वर्गातून एरंडेलाचा असा वास सुटे की शिपाई विचारायचा, "कोणाचं पोट बिघडलं हो?"

पण हा सगळा खटाटोप हौसेपोटी नव्हता, हे आधीच सांगितलं पाहिजे. संस्थेला हस्तकलेचा वर्ग मोडून तिथे टायपिंग सुरू करायचं होतं. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. त्यानेच मधला मार्ग काढला. "गुरुजी, बुलढाण्याहून एक ढाल आणा. मग वर्गाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही." गुरुजींकडे चित्रकलेच्या परीक्षांखेरीज दुसरी कसलीच पदवी नव्हती. वर्ग गेला की तेही जाणार होते. एकदा माझ्यासोबत चहा पिताना ते म्हणाले, "शेतीत भाऊ हाय, जेवाले भेटन. पण हा वर्ग गेला तं मी कोण हो?" मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, एवढा तो फुसका असावा.

नियमांवर त्यांची श्रद्धा होती. त्यांचं म्हणणं, "नियम म्हंजे समोरच्याचं बोलणं. नीट आयकलं तं बरोबर उत्तर देता येते." पोरांना हेलिकॉप्टर करायला देण्याआधी ते परिपत्रक पाठ करून घ्यायचे.

या श्रद्धेचा पहिला फटका परीक्षकांना बसला. नियमात लिहिलं होतं, यान हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ मोजावा. आमचं हेलिकॉप्टर वर गेलं आणि मैदानाच्या कडेच्या लिंबात अडकलं. परीक्षकांनी घड्याळ बंद केलं.

"घड्याळ काऊन थांबवलं, साहेब?"

"अहो, अडकलं ना ते झाडात!"

"अडकलं, हाव. पण टेकलं कुठी? नियमात 'जमिनीले' लिहेल हाय."

"मग झाड पडेपर्यंत बसू का मी इथे?"

"आपल्याले घाई नाई," म्हणत गुरुजींनी लिंबाखाली मांडी घातली. पोरंही बसली. परीक्षक सुटाबुटातला भला माणूस. त्याने डबा उघडला. शेवटी एका कावळ्याने टोचून टोचून ते खाली पाडलं, पण तोवर बक्षिसं वाटून झाली होती. पुढच्या वर्षी नियम आला, "जमिनीला अगर अन्य कोणत्याही वस्तूला टेकेपर्यंत." गुरुजींनी त्या शब्दांखाली बोट फिरवून सगळ्या शिक्षकांना दाखवलं. "हे 'अगर अन्य कोणत्याही वस्तूला', हे आपलं हाय."

त्या वर्षी वजनाचा नियम नव्हता, हे त्यांनी हेरलं. भेंड आणि कागद एवढ्यावर भागवून त्यांनी असं काही हलकं यान करून घेतलं की ते हवेत बसून राहिल्यासारखं वाटे. परीक्षकांनी ते तळहातावर घेतलं, फुंकर मारली, ते उडालं. "हे हेलिकॉप्टर नव्हे गुरुजी, हा कागद आहे." परीक्षकांचा निर्णय अंतिम, असाही एक नियम होताच. पुढच्या वर्षी किमान वजन ठरलं, तेही नव्या ग्रॅमच्या मापात. गुरुजी सोनाराकडे बसून तोळ्यामाशाचे ग्रॅम करत राहिले आणि मला म्हणाले, "पाहा, पुन्हा आपण बरोबर!"

वजन भरायला एका पोराने युक्ती काढली. ओल्या मातीचा गोळा लावायचा. सकाळी वजन होतं, उडवायचं दुपारी. उन्हात माती वाळते आणि यान आपोआप हलकं होतं. मला ती फार आवडली. गुरुजींनी ती दोनदा ऐकून घेतली, मग मान हलवली. "नियमात बसते बे, पण मनात नाई बसत." पोरांनी दांड्याला तारेचं वेटोळं लावलं. बुलढाण्यात दुसऱ्या एका शाळेने नेमकी ओली माती लावली आणि ढाल नेली. परतीच्या एसटीत ते पोरगं गुरुजींशी बोललं नाही. पुढच्या वर्षी उड्डाणानंतरही वजन करायचा नियम आला. तेव्हा गुरुजी हसले, पण मी जवळून पाहिलं, ते हसू पूर्वीचं नव्हतं. टायपिंगची यंत्रं मागवल्याची बातमी तोवर शाळेत सगळ्यांना कळली होती.

मग ते शेवटचं वर्ष. हेडमास्तरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं.

त्या वर्षी गुरुजींची भिस्त सुमनवर होती. माळ्याची पोर, बोटं हलकी. रबर पिळताना ती डोळे मिटायची आणि तुटायच्या अगदी आधी थांबायची. बाकी शाळा रबराचे जाडजूड पेड लावत. त्यांचं यान सणकन वर जाई आणि तसंच खाली येई. गुरुजींनी दांडा लांब घेतला, रबर कमी केलं, पाती रुंद केली. "पळाचं नाई, दम धराचा," ते सुमनला सांगत. आणि नियमांतून त्यांनी आणखी एक गोष्ट शोधली होती. नाव पुकारल्यावर एकदा पाळी पुढे मागता येते. सकाळी आमचं नाव आलं तेव्हा त्यांनी पाळी दुपारवर ढकलली. "मैदान तापू दे, पोरी. गरम हवा वर जाते. तिच्या खांद्यावर बसवू आपण त्याले."

भर दुपारी सुमनने हात सोडला. ते सावकाश वर चढलं, मैदानावरच्या सगळ्या माना त्याच्याबरोबर वर झाल्या. रबराचा पीळ संपला असणार, तरी ते खाली येईना. पाती आपली फिरतच होती. गुरुजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. हेलिकॉप्टर मैदान ओलांडून घाटाच्या बाजूला सरकलं, ठिपक्याएवढं झालं आणि मग दिसेना. लोक टाळ्या वाजवू लागले. इतका वेळ दुसऱ्या कुणाचंच टिकलं नव्हतं, त्याच्या निम्मासुद्धा नाही. मीही टाळ्या वाजवल्या. वर्ग वाचला, असं मला खरोखर वाटलं.

परीक्षक तेच, डबा उघडणारे. घड्याळ हातात चालूच होतं. त्यांनी ते बंद केलं आणि सहायकाला म्हणाले, "नोंद नाही."

"काऊन?" गुरुजींनी विचारलं.

"टेकलेलं कुणी पाहिलं?" परीक्षकांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हे मी आजही सांगेन. उलट त्यांना वाईट वाटत होतं. "गुरुजी, टेकेपर्यंत म्हणजे टेकेपर्यंत, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. लिंबाखाली बसून. मी आता अंदाजाने वेळ लिहिला तर उद्या दुसरा कुणी येऊन भांडेल."

मी भांडायला पुढे झालो. गुरुजींनी मला मागे ओढलं. "नाई, व्याकरणवाले. त्यांचं बरोबर हाय." मग परीक्षकांना म्हणाले, "आणून दाखवलं तं?"

"बक्षिसाच्या आधी आणा. पाहतो मी."

गुरुजी घाटाच्या उतरणीला लागले. पोरांना त्यांनी येऊ दिलं नाही, काट्याकुट्याचं रान म्हणून. इकडे भाषणं झाली, हार झाले, ढाल मलकापूरकडच्या एका शाळेने नेली. मांडवाच्या कनाती सुटल्या. आम्ही सतरंज्यांच्या ढिगाशेजारी बसून होतो. गुरुजी आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत फाटलेलं होतं, हात रिकामे होते. त्यांनी ढालीचं विचारलंच नाही.

"गुरुजी, दुसरं करू ना आपण," सुमन म्हणाली.

"करू," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "लेकरं उपाशी हायेत, मास्तर. चला." मला मास्तर ते कधीच म्हणत नसत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग मोडला. करवती, कानशी, कात्र्या त्यांनी पुसून कपाटात लावल्या, किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि अमडापूरला भावाच्या मळ्यात राहायला गेले. जूनमध्ये त्यांच्या वर्गात टायपिंगचा खडखडाट सुरू झाला.

हिवाळ्यात परिपत्रक आलं. हेडमास्तरांनी ते मला दिलं. "तुमचं मराठी चांगलं, तुम्हीच न्या आता पोरांना." मी उभ्यानेच वाचलं. "जमिनीला अगर अन्य कोणत्याही वस्तूला टेकेपर्यंत, अथवा दृष्टीआड होईपर्यंत." ते शेवटचे तीन शब्द मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. एवढे तीन शब्द एक वर्ष आधी लिहायला कुणाच्या बापाचं काय जात होतं, असं ओरडावंसं वाटलं. सुमनला विचारलं तर ती म्हणाली, "मी नाई येत, सर." मी आग्रह केला नाही.

बुलढाण्याला आमचं यान लगेच पडलं. ते कसं उडवायचं हे मला येतच नव्हतं. दुपारी दुसऱ्या एका शाळेच्या मुलाचं हेलिकॉप्टर वर चढलं आणि घाटाकडे निघालं. परीक्षकांनी या वेळी दुर्बीण आणली होती. ती डोळ्यांना लावून ते उभे राहिले आणि थोड्या वेळाने खणखणीत आवाजात म्हणाले, "दृष्टीआड!" मैदान दुमदुमलं. त्या मुलाला खांद्यावर घेतलं. त्याच्या शाळेला ढाल मिळाली.

परत येताना मी पोरांना गाडीतच ठेवून, दुसऱ्या शिक्षकाच्या हवाली करून अमडापूरला उतरलो. गुरुजी मळ्यात वांग्यांच्या सरीला पाणी मोडत होते. वाळले होते फार. त्यांच्या बायकोने आत नेऊन मला हळूच सांगितलं, "बोलत नाईत हो कोणासंगं. लेकरं भिंगरी मागाले आली तं त्यायलेबी हाकललं."

मी त्यांना बांधावर बसवून सगळं सांगितलं. नवा नियम, दुर्बीण, तो मुलगा. मला वाटलं होतं, ते चिडतील, निदान त्या परीक्षकाला एक शिवी हासडतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग ते सापडलं का?"

"काय?"

"त्या लेकराचं हेलिकॉप्टर."

"कुणी गेलंच नाही शोधायला. आता शोधायची गरज नाही ना गुरुजी, नियमात."

"कोणीच गेलं नाई?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फावडं उचलून सरीकडे गेले. पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, मग तिसऱ्या. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा मी उठलो.

पोळ्याच्या आधी ते गेल्याचं कळलं. दुखणं काय होतं ते घरच्यांनाही नीट सांगता आलं नाही. मी हेडमास्तरांकडे गेलो, म्हटलं, प्रार्थनेनंतर दोन शब्द बोलतो, मुलांना घरी सोडू. त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. पण ते म्हणाले, "शोकसभा फक्त सेवेत असलेल्या शिक्षकांची. संस्थेचा तसा नियम आहे."

त्या दिवशी सगळे तास झाले. चौथ्या तासाला मी नववीला समास शिकवला.